राधिकाचे तीनशे कोटी आणि आमच्या गटाची मिरची

मागच्या महिन्यात अकोल्याला आईकडे गेले होते. घरात शिरले तर आई पलंगावर बसून मोबाइलवर सिरियल पाहत होती. 'माझ्या नवऱ्याची बायको'. ऑगस्ट २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झालेली आणि मार्च २०२१ मध्ये संपलेली मालिका. मी विचारलं, "आई, हे तं कधीचीच संपली. आता काहून पाहून राह्यली?"

आई मोबाइलवरून नजर न हलवता म्हणाली, "पुढं काय होते ते माहीत हाय म्हणून पाहतो. आता दुसरी शनाया लागली. मंग पह्यली पुन्हा येते."

पहिला पाऊस पडला, आता उघाड पडेल, अशा सुरात ती हे बोलली. शनायाचं काम आधी रसिका सुनील करत होती, मग ईशा केसकर आली आणि शेवटी पुन्हा रसिका सुनील. एकाच बाईचा चेहरा दोनदा बदलला, तरी आमच्या आईला त्याचं काहीच वाटलं नाही. मी मात्र रात्रभर त्यावर विचार करत राहिले. समाजशास्त्रात एम.ए. केल्याचा हा तोटा आहे, साधी सिरियलही निवांत पाहता येत नाही.

या मालिकेशी आमच्याकडच्या बायांचं नातं जुनं आहे. मी अमरावती जिल्ह्यात बचत गटांचं काम करते. दर्यापूरकडच्या एका गावात वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालायचं. वाचन सातला सुरू होई आणि पावणेआठ झाले की बायांची चुळबूळ सुरू होई, कारण आठ वाजता राधिका लागायची. मला तेव्हा राग यायचा. एकदा मी बोललेही, की बाबासाहेबांचा ग्रंथ आणि राधिका यांत तुम्ही राधिकाला निवडता? एक आजी म्हणाली, "ग्रंथ उद्या बी तठीच राह्यते बाई. राधिका निघून जाते." यावर मला उत्तर सुचलं नाही.

बाया ही मालिका का पाहत होत्या हे आधी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. राधिका सुभेदार ही नागपूरकडची सून. नोकरीवाल्या, शहरी नवऱ्याच्या घरात ती "मले", "तुले", "काहून" बोलत होती. नागपूरची बोली आणि आमची वऱ्हाडी यांत फरक आहे, तो आमच्या कानाला लगेच कळतो. पण टीव्हीवर आमच्यासारखं बोलणारी बाई आजवर बहुधा मोलकरीण असायची किंवा हसवण्यापुरती यायची. इथे ती नायिका होती. अनिता दाते यांनी ती मनापासून केली. नवरा गुरुनाथ बाहेर शनायासोबत राहतो, बायकोला गावंढळ समजतो, आणि ही बाई त्याच बोलीत त्याला उत्तर देते. हे पाहायला आठ वाजता घरी पळावंसं वाटणं चूक नव्हतं. आज मला ते कळतं.

पण मग मालिका चालली, आणि चालतच राहिली. साडेचार वर्षं.

या साडेचार वर्षांत राधिकाचं काय काय झालं ते आठवून पाहा. घरात भाजी निवडणारी बाई मसाल्याचा धंदा सुरू करते. इथपर्यंत ठीक. बघता बघता ती तीनशे कोटींच्या कंपनीची मालकीण होते. त्या तीनशे कोटींवर त्या काळात महाराष्ट्रभर विनोद झाले, सगळ्यांच्या मोबाइलवर ते फिरत होते. बरं, झाली मालकीण. मग मालकीण झालेल्या बाईची अक्कल तरी मालकिणीची हवी ना? तर तसंही नाही. एका आठवड्यात ती सगळ्यांच्या पुढे दोन पावलं असते, पुढच्या आठवड्यात गुरुनाथचं कुठलंही थापेबाज कारस्थान तिला कळत नाही. एकदा ती कठोर, एकदा भोळी. एकदा स्वाभिमानी, एकदा सगळं पोटात घालणारी. पुढे तिचं सौमित्रशी दुसरं लग्न होतं. ही खरं तर मोठी गोष्ट, टाकलेल्या बाईनं पुन्हा संसार मांडण्याची. पण त्यानंतरही गोष्ट गुरुनाथभोवतीच फिरत राहते.

काही जण म्हणतील, लेखक आळशी असतात. मला तसं वाटत नाही. रोजची मालिका हा कारखाना आहे. आठवड्यातून सहा दिवस वीस-बावीस मिनिटांचा माल पुरवायचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर आठवड्याला टीआरपीचा आकडा येतो आणि त्यावर पुढची दिशा ठरते. मालिका किती वर्षं चालेल हे सुरू करताना कुणालाच माहीत नसतं. अशा ठिकाणी पात्राचा स्वभाव म्हणजे भाड्याची खोली, कधीही रिकामी करून घेता येते.

पण एवढं म्हणून थांबलो तर आपण फक्त टीव्हीचे ग्राहक. आपण आंबेडकरवादी आहोत, तेव्हा पुढचा प्रश्न विचारायला हवा. राधिकामध्ये सगळंच बदलत होतं का? काय बदलत नव्हतं?

तिचं उत्पन्न बदललं, हुशारी बदलली, धीटपणा बदलला, नवरासुद्धा बदलला. पण तिचा सगळा वेळ, सगळी बुद्धी 'घर' नावाच्या गोष्टीतच गुंतलेली राहिली. बायका बायकांच्या विरोधात उभ्या राहिल्या, तेही बदललं नाही. वाईट 'दुसरी बाई'च ठरली. पुरुष मात्र चुकलेला, वाट चुकलेला, धडा शिकवून सुधारायचा. आणि आणखी एक गोष्ट साडेचार वर्षांत जराही हलली नाही, ती म्हणजे या माणसांची जात कोणती हा प्रश्न कधीच न येणं. बाबासाहेबांनी १९१६ मध्येच 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात दाखवून दिलं होतं की जात टिकते ती बाईवरच्या बंधनांतून. टीव्हीवरची मालिका जात गाळून टाकते आणि बंधन तेवढं ठेवते. म्हणजे विसंगती आहे, पण ती वाटेल तिथे नाही. जे बदललं तर व्यवस्थेला काही होत नाही, तेच बदलतं.

आता हे तीनशे कोटी मला का बोचतात, ते सांगते.

आमच्या गटातल्या दहा बाया मिरची पूड, हळद आणि काळा मसाला करतात. सगळ्या बौद्ध. मिरची अमरावतीच्या बाजारातून आणायची, देठं खुडायची, वाळवायची, चक्कीवर दळायची, पाकिटं भरून सील करायची. देठं खुडून रात्री हातांची आग होते, लेकराला जवळ घेता येत नाही. हे राधिकाच्या कारखान्यात कधी दिसलं नाही, पण तेही एकवेळ सोडून देऊ. खरा प्रश्न विकण्याचा आहे.

एका विक्री प्रदर्शनात मी आमच्या स्टॉलवर बसले होते. एक बाई आल्या. पाकीट हातात घेतलं, वास घेतला, रंग चांगला आहे म्हणाल्या. मग विचारलं, "कोणत्या गावच्या तुम्ही?" गाव सांगितलं. "आडनाव काय?" आडनाव सांगितलं. त्यांनी पाकीट हळूच जागेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "घरी हाय थोडीशी मिरची. संपली की नेईन." कोणी शिवी दिली नाही, कोणी अपमान केला नाही. पाकीट फक्त जागेवर गेलं. त्या दिवशी असं तीनदा झालं.

मसाला ही साबणासारखी वस्तू नाही. तो जेवणात जातो. कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या हातचं नाही, यावर तर जात उभी आहे. राधिकाला तीनशे कोटींपर्यंतच्या वाटेवर एकानेही आडनाव विचारलं नाही. गंमत अशी की तिचं आडनाव सुभेदार. आमच्या घरात सुभेदार म्हटलं की रामजीबाबा आठवतात, आणि सुभेदाराच्या त्या हुशार लेकराला शाळेत पाणी वरून ओतून मिळत होतं हे आठवतं.

पाकिटावर नाव काय टाकायचं यावरून आमच्या गटात महिनाभर वाद चालला. मोठ्या बाया म्हणाल्या, रमाईचं नाव टाकू. तरुण मुली म्हणाल्या, रमाईचं नाव पाहिलं की लोक घेणार नाहीत, कुठलंही साधं नाव टाका. शेवटी त्यांनी मला न विचारताच निकाल लावला. चौदा एप्रिलला अमरावतीत इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ गर्दी लोटते, तिथे रमाईच्या नावाचं पाकीट. गावच्या आठवडी बाजारात बिननावाची सुटी पूड. मिरची तीच.

मी चिडले. म्हटलं, हा दुटप्पीपणा आहे, आपली ओळख लपवायची नाही. एक बाई म्हणाली, "ताई, तुमचा पगार महिन्याले येते." तिथेच विषय संपला.

याच गटातल्या एकीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. तिचा नवरा पुण्याकडे बांधकामावर गेला आणि तिथे दुसऱ्या बाईसोबत राहू लागला. पैसे पाठवणं बंद. कधीमधी गावी यायचा, दारू प्यायचा, मारायचा. मी तिला पोटगीचा अर्ज समजावून सांगितला, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा समजावला. ती हो म्हणाली. अर्ज तयार झाला. ठरलेल्या दिवशी ती आलीच नाही. दोन महिन्यांनी स्वतः आली, म्हणाली करू. पुन्हा कागद तयार केले, आणि आठ दिवसांत "राहू द्या ताई". तिसऱ्यांदा तर नवरा गावी आला असताना ती त्याच्यासाठी कोंबडी शिजवत होती. मी माझ्या वहीत लिहिलं, 'अर्जदार ठाम नाही.'

आणि दोष मी कोणाला दिला? राधिकाला! एक दिवस आठ वाजता तिच्या घरी गेले तर टीव्ही चालू. मी तिथेच भाषण सुरू केलं. म्हटलं, ही सिरियल पाहून तुम्ही वाट पाहता, की नवरा सुधारेल, परत येईल. अहो, या मालिकेच्या नावातच खोट आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे पहिलं लग्न कायम असताना दुसरं लग्न होऊच शकत नाही, आणि तो कायदा आपल्याला, बौद्धांनाही, लागू आहे. नवऱ्याला दुसरी 'बायको' असू शकत नाही. हा हक्क फुकट आलेला नाही. एकपत्नीत्व, घटस्फोट आणि मुलीचा वारसा यांच्यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडलं, ते रखडवलं गेलं म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले. बाबासाहेबांनी खुर्ची सोडली, आणि तुम्ही एक अर्ज देत नाही?

तिने आवाज बंद केला. टीव्ही चालूच होता, राधिकाचे नुसते ओठ हलत होते.

"ताई, सिरियल खोटी असते हे मले बी कळते," ती म्हणाली. "राधिकाच्या मांगं तिचे सासू-सासरे हायेत. माह्या मांगं कोन हाय? घर सासऱ्याच्या नावावर. केस टाकली की तो मले बाहेर काढन. पयल्यांदा म्या आली नाई तवा सोयाबीनची सोंगणी होती, भाऊ बाहेर गेलता, कोर्टात संग कोन येईन? दुसऱ्यांदा पोरीच्या जातीच्या दाखल्याचं काम निघालं. त्याले बापाकडचे कागद लागतात. बापाची टीसी, आज्याचे कागद, सारं त्याच्यापाशी. भांडलो असतो तर देल्ले असते का त्यानं? म्हणून कोंबडी शिजवली. पोरीची बारावी होऊ द्या. मंग पाहा म्या काय करतो ते."

मी गप्प बसले. मी एम.ए. झालेली, सामाजिक रचना हा शब्द शंभर वेळा लिहिलेली, आणि समोरच्या बाईची रचना मला दिसली नव्हती. माझ्या वहीतलं 'ठाम नाही' हे वाक्य आणि एखाद्या कचेरीतल्या बाबूचं "या बाया आज तक्रार देतात, उद्या मागे घेतात" हे वाक्य, यांत काही फरक नव्हता.

मुलीची बारावी झाली. जातीचा दाखला हातात आला. परीक्षा संपल्यावर ती स्वतः आली. पिशवीत रेशन कार्ड, आधार, लग्नाचा फोटो, नवऱ्याने पूर्वी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, सगळं क्रमाने लावलेलं. म्हणाली, "आता टाका." तो दुसरं लग्न केल्याचं गावभर सांगत होता, म्हणून मी त्याही गुन्ह्याचा विषय काढला. वकिलाने सांगितलं, ते सोपं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच एका महाराष्ट्रातल्या खटल्यात म्हटलं आहे की दुसरं लग्न रीतसर विधींनी झालं हे सिद्ध झालं तरच गुन्हा होतो. नुसतं सोबत राहणं किंवा अर्धवट विधी पुरेसे नाहीत. म्हणजे कायद्यातही वाट काढून ठेवलेली आहे. ती म्हणाली, "ते राहू द्या, मले त्याले जेलात नाई टाकायचं. लेकीच्या शिक्षणाचे पैसे पायजे." केस अजून चालू आहे. तारखा पडतात, ती जाते. एकही तारीख तिने चुकवलेली नाही.

आता दोघींना शेजारी शेजारी उभं करा. वरवर पाहिलं तर दोघीही विसंगत. राधिका आज एक, उद्या एक. आमची बाईही आज हो, उद्या नाही. पण आमच्या बाईच्या प्रत्येक वळणाला कारण आहे: सोंगणी, सासऱ्याच्या नावावरचं घर, दाखला, बारावी. ते कारण विचारलं की विसंगती राहत नाही, तिथे फार चिवट सुसंगती दिसते. राधिकाच्या वळणांना असं काहीच नाही. तिला शेत नाही, दाखला नाही, आडनाव विचारणारं गिऱ्हाईक नाही. तिला समाजच दिलेला नाही. ज्या माणसाला समाज नाही त्याला कसंही वळवता येतं.

बदलणं म्हणजे विसंगती नव्हे, हे आपल्याला तरी कळायला हवं, कारण हा आरोप बाबासाहेबांवरही झाला आहे. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू करणारा माणूस १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात सांगतो, हिंदू म्हणून मरणार नाही. विरोधक म्हणाले, धरसोड आहे. धरसोड कशी? मधली पाच वर्षं पाहा. बंद दारं, सत्याग्रहींवरची दगडफेक, गोलमेज परिषदा, पुणे करार. प्रत्येक पावलाचं कारण त्यांनी भाषणांतून आणि लेखांतून जाहीर सांगितलं. आणि येवल्यानंतरही २१ वर्षं अभ्यास करून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्म स्वीकारला. माणूस बदलतो तो असा.

म्हणूनच बुद्धपौर्णिमेला, १८ मे २०१९ ला, स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली तेव्हा आमच्या विहारातल्या बाया वेगळ्याच झाल्या. सागर देशमुख यांचे बाबासाहेब आणि शिवानी रांगोळे यांची रमाई त्यांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिली, पण परीक्षकासारखीही पाहिली. दुसऱ्या दिवशी विहारात चर्चा व्हायची, हे असं झालं होतं का, खैरमोडेंच्या चरित्रात काय आहे. तीच आजी, जिने मला ग्रंथावरून ऐकवलं होतं, ती म्हणाली, "रमाईले काही बी करता येत नाई यायले. रमाई आमची हाय." राधिकाचा स्वभाव बदलला तर जाब विचारायला कोणी येणार नव्हतं. रमाईच्या मागे आख्खा समाज उभा होता.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्या बायांची गोष्ट टीव्हीवर यायची असेल तर तिच्यासोबत तिचं गाव, आडनाव, दाखला आणि उधारीही यायला हवी. तोवर सिरियल पाहू नका असं मी आता कोणाला सांगणार नाही. पण आपण जे कार्यकर्ते म्हणवतो, त्यांनी आपल्या वह्या तपासाव्यात. 'ठाम नाही', 'बोलल्याप्रमाणे वागत नाही', 'सहकार्य करत नाही' असं कोणत्या बाईबद्दल लिहिलंय? तिला कारण विचारलं होतं का?

मी माझ्या वहीतली ती ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, 'जातीच्या दाखल्याची वाट पाहत होती.'

आईला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "गटाची मिरची आणली काय?" आणली होती. रमाईच्या नावाचं पाकीट होतं. तिने ते फोडलं नाही, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलं आणि स्वयंपाकाला डब्यातली सुटी मिरची घेतली. मी म्हटलं, "आई, तीच मिरची आहे ते." ती म्हणाली, "माहीत हाय मले."

जयभीम.